गोठ्यामागचा दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर: झेटर २५ की आणखी काही, आणि त्याचं मोल किती?

प्रश्न: आमच्या गोठ्यामागच्या पडवीत आजोबांचा ट्रॅक्टर वीसेक वर्षांपासून बंद उभा आहे. आजोबांनी तो १९६४ च्या सुमारास सेकंडहँड घेतला, असं वडील सांगतात. बॉनेटवरचं नाव केव्हाच गेलं. पुढे रेडिएटर आहे. डिझेल पंपातून दोनच नळ्या निघतात, म्हणजे सिलिंडर दोन असावेत. मोठ्या लिव्हरवर तीन गिअर आणि रिव्हर्स, शेजारी एक छोटी लिव्हर आहे. डॅशबोर्डजवळ एक पाटी आहे, पण तिच्यावर ऑइलपेंट बसलाय. शेवटची बी-आर-एन-ओ एवढी चार अक्षरं लागतात. इंजिन जाम आहे. आर.सी. बुक सापडलं, ते आजोबांच्या नावावर आहे, पण मेकचा, म्हणजे कंपनीच्या नावाचा रकाना वाळवीने खाल्लाय. गावातला फिटर म्हणतो एचएमटी आहे. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी म्हणतो रशियन आहे, ५५ हजार देतो, उद्या उचलतो. भाचा मोबाइलवर परदेशातल्या लाखांच्या किमती दाखवतो. नक्की कोणता ट्रॅक्टर आणि किती किमतीचा?
(एक वाचक, निफाड तालुका, नाशिक)

उत्तर: व्यापाऱ्याला आत्ताच हो म्हणू नका, आणि त्या पाटीला तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका. तुमच्या पत्रातल्या खुणांवरून हा झेटर २५, म्हणजे चेकोस्लोव्हाकियात बनलेला जुना ट्रॅक्टर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. मात्र 'शक्यता' सांगून गिऱ्हाईक पैसे देत नाही. एक-दोन दिवसांच्या कामात तुम्ही ते घरीच पक्कं करू शकता.

आधी कोणता नाही ते बघू. फिटरने एचएमटी म्हटलं ते समजण्यासारखं आहे, कारण एचएमटीचे सुरुवातीचे ट्रॅक्टर झेटरच्याच तंत्रावर बनले आणि तोंडवळा तसाच दिसतो. पण हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीचे ट्रॅक्टर बनायला लागले ते १९७१ मध्ये. आजोबांनी १९६४ ला वापरलेला ट्रॅक्टर घेतला असेल, तर तो एचएमटी असूच शकत नाही. रशियन म्हणणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बहुधा टी-२५ असतो. त्यालाही दोनच सिलिंडर, पण त्याचं इंजिन हवेवर थंड होणारं. सिलिंडरला पंख्यासारख्या पात्या असतात आणि पाण्याचा रेडिएटर नसतो. शिवाय तो बनायला लागला १९६६ मध्ये. तुमच्याकडे रेडिएटर आहे, म्हणजे तोही गेला. फरिदाबादच्या आयशरचा १९५९ पासूनचा ट्रॅक्टर एका सिलिंडरचा आणि तोही हवेवर थंड होणारा, म्हणून त्याचा विचारच नको. बडोद्याच्या हिंदुस्तान ५० चं मूळ झेटरचंच, पण त्याला चार सिलिंडर.

यातलं सगळं '१९६४' या एका आकड्यावर उभं आहे, हे विसरू नका. घरातली आठवण पाच-सात वर्षं सहज इकडेतिकडे होते. म्हणून आर.सी. बुकात पहिल्या नोंदणीची तारीख आणि आजोबांच्या नावावर झालेल्या ट्रान्सफरची तारीख बघा. मेकचा रकाना गेला असला तरी उत्पादनाचं वर्ष, सिलिंडरची संख्या, इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि वजन यांचे रकाने वेगळे असतात. वाळवीने पानाचा एकच कोपरा खाल्ला असेल, तर बाकीचं वाचता येईल. पान उन्हात न्या आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. उडालेली निळी शाई डोळ्यापेक्षा फोटोत जास्त उमटते.

आता उरतात तीन उमेदवार, तिन्ही पाण्यावर थंड होणारे आणि दोन सिलिंडरचे: झेटर २५, झेटर २०११ आणि पोलंडचा उर्सुस सी-३२५. उर्सुस १९५९ पासूनचा, आणि आपल्याकडच्या एस्कॉर्ट्सच्या सुरुवातीच्या ट्रॅक्टरांचं मूळ त्या घराण्यात आहे. चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नो शहरात झ्ब्रोयोव्का या शस्त्रास्त्रांच्या कारखान्याने युद्ध संपल्यावर शेतीकडे वळून झेटर २५ काढला. पहिले ट्रॅक्टर मार्च १९४६ मध्ये बाहेर पडले आणि हा नमुना १९६१ पर्यंत बनत राहिला. २०११ हा त्याच्या पुढच्या पिढीतला, साधारण १९६० नंतरचा.

पाटीवरची बी-आर-एन-ओ ही अक्षरं बर्नो शहराची असणार. त्याने उर्सुस बाद होतो, पण २५ की २०११ ते ठरत नाही, कारण दोन्ही बर्नोचेच. तिथे तुमची गिअर लिव्हर कामी येते. मोठ्या लिव्हरवर तीन पुढचे आणि एक रिव्हर्स, छोट्या लिव्हरवर हाय आणि लो, म्हणजे एकूण सहा पुढचे आणि दोन मागचे. झेटर २५ ला तेवढेच. २०११ ला दहा पुढचे आणि दोन मागचे, म्हणजे त्याच्या मोठ्या लिव्हरवर पाच जागा मिळायला हव्यात. क्लच दाबून लिव्हर हाताने प्रत्येक जागी घालून बघा. वर्षानुवर्षं उभ्या ट्रॅक्टरची लिव्हर एखाद्या जागी अडते, म्हणून 'तीनच लागले' यावर लगेच विश्वास ठेवू नका. मागचं एक चाक जॅकवर उचलून, पुढच्या चाकांना दगड लावून, ते चाक थोडं मागेपुढे हलवत लिव्हर लावा, म्हणजे दात जुळतात. जॅकच्या भरवशावर खाली सरपटू नका. धुरीखाली लाकडाचे ठोकळे रचा.

पाटी साफ करण्याची रीत अशी. या पाट्या पातळ पत्र्याच्या, बहुतेक अॅल्युमिनियमच्या असतात आणि अक्षरं जेमतेम उठलेली असतात. एका घासण्यात ती जातात आणि पाटीसोबत किमतीचा मोठा वाटाही जातो. रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पाटीवर अर्धा तास ठेवा, मग मऊ दातब्रशने हलके पुसा. ऑइलपेंट निघत नसेल तर प्लास्टिकच्या जुन्या कार्डाची कड सपाट धरून खरवडा. थिनर लावायचाच झाला तर आधी एका कोपऱ्यात कापसाच्या काडीने लावून बघा. मूळ रंगाची पार्श्वभूमी विरघळायला लागली तर लगेच थांबा. पाटी मोकळी झाली की अक्षरांवर खडूची पूड चोळून वरची हाताने पुसा आणि टॉर्च एका बाजूने आडवा धरून फोटो घ्या. 'व्हीरोबनी चीस्लो' असं दिसलं तर त्यापुढचा आकडा हा ट्रॅक्टरचा अनुक्रमांक. 'रोक व्हीरोबी' पुढे उत्पादनाचं वर्ष असतं. पाटीचे रिव्हेट उपटू नका. पाटी मूळ जागी, मूळ रिव्हेटने बसलेली आहे हे दिसणं फार महत्त्वाचं. सुटी पाटी कुणीही कुठेही लावू शकतो.

पाटी पुरेशी नाही. त्याच कारणाने आता बिडाकडे वळा. इंजिनचा ब्लॉक, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागच्या धुरीची घरं यांच्यावर ओतकामातच उठलेली अक्षरं असतात. डोक्यावर छोटी खूण असलेली सी, एस, आर, झेड अशी अक्षरं दिसली तर ओतकाम चेक. एल अक्षरावर आडवी तिरकी रेघ दिसली तर पोलिश. उलटा आर किंवा उलटा एन दिसला तर रशियन. डायनामो आणि सेल्फवर (स्टार्टरवर) 'पाल' असं नाव असेल तर तेही चेक बनावटीचं आणि मूळचं.

इथे भले भले फसतात ती एक गोष्ट. बिडावर उठावदार आलेले मोठे आकडे हा कास्टिंगचा नंबर असतो. तो त्या नमुन्याच्या हजारो ट्रॅक्टरांवर तोच असतो. ट्रॅक्टरचा स्वतःचा नंबर हा नंतर पंचने ठोकलेला, आत खोल गेलेला, मशिनिंग केलेल्या सपाट जागेवरचा. उठलेला नंबर पाहून 'इतका कमी नंबर, म्हणजे पहिल्या वर्षातला' अशी जाहिरात करणारे खूप दिसतात. खोल ठोकलेला नंबर मिळाला की त्यावर बटर पेपर धरून पेन्सिल घासा आणि छाप घ्या. आरटीओत चेसिसचा छाप घेतात तसाच. इंजिनचा आणि गिअरबॉक्सच्या हाउसिंगचा असे दोन छाप आर.सी. बुकातल्या दोन्ही आकड्यांशी ताडून बघा.

ते का, तर आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरांची इंजिनं बदलली गेली आहेत. परदेशी ट्रॅक्टरचा सुटा भाग मिळेना झाला की गावोगावच्या टर्नरांनी दुसऱ्याच कंपनीचं इंजिन अॅडॉप्टर प्लेट टाकून बसवलं. शेत चालू राहिलं हे चांगलंच झालं, पण संग्राहकाच्या दृष्टीने तो ट्रॅक्टर वेगळा. ब्लॉक आणि क्लच हाउसिंगच्या जोडावर बघा. दोन्हींच्या कडा सारख्या वळणाच्या असतील आणि मध्ये जाड लोखंडी पट्टी नसेल तर इंजिन मूळचं मानायला हरकत नाही.

शेवटची आणि सगळ्यात खात्रीची कसोटी मापाची. झेटर २५ चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १२०. झेटर २०११ चा ९५ आणि ११०. उर्सुस सी-३२५ चा ९८ आणि १२०. बोअर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, ०.७८५४ ने गुणा, मग स्ट्रोकने आणि सिलिंडरच्या संख्येने. झेटर २५ चे २०७८ सीसी येतात, २०११ चे सुमारे १५६०, उर्सुसचे १८१०. गंमत म्हणजे रशियन टी-२५ चं मापही १०५ बाय १२०च आहे. म्हणजे नुसत्या सीसीवर झेटर आणि रशियन वेगळे काढता येत नाहीत, रेडिएटरवर येतात.

हेड उघडायची घाई नको. आधी पडवीतला आणि माळ्यावरचा भंगाराचा डबा उपसा. शेतकऱ्याच्या घरी जुना पिस्टन किंवा लाइनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) फेकला जात नाही. पिस्टन मिळाला तर व्हर्निअरने तो खाली, स्कर्टच्या टोकाशी, पिनच्या काटकोनात मोजा. वरचा भाग मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. पिस्टन बोअरपेक्षा थोडा लहान असतो, तेव्हा १०४.८ च्या आसपास आकडा आला तर १०५ चा बोअर समजा. लाइनर मिळाला तर अगदी वरच्या कडेला मोजा, जिथे रिंग पोचत नाही. मधलं माप झिजलेलं असतं. आणि आधी बोअरिंग झालेलं असेल तर अर्धा किंवा एक मिलिमीटर जास्त येईल. त्याने गोंधळू नका, कारण ९८ आणि १०५ मध्ये सात मिलिमीटरचं अंतर आहे. नोझलच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक मोजता येतो, पण भोक सरळ उभं असेल आणि इंजिन फिरत असेल तरच. तुमचं जाम आहे, म्हणून तूर्त पिस्टनचा शोधच बरा.

झेटर २५ ठरला तरी २५-ए की २५-के हे बघायला हवं. 'के' हा ओळीतल्या पिकात आंतरमशागतीसाठी काढलेला: जमिनीपासून उंच, चाकांमधलं अंतर कमीजास्त करता येणारा. मागच्या चाकाच्या रिमवर आणि पुढच्या धुरीवर अंतर बदलायच्या अनेक जागा असतील तर 'के' समजून पुढे तपास करा. पाटीवर 'टिप' या शब्दापुढे ते अक्षर स्पष्ट असतं.

ओळख झाली. आता इंजिनचं जाम असणं, कारण किमतीत सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. जाम म्हणजे संपलं असं नाही. वीस वर्षं उभ्या इंजिनात बहुतेक वेळा रिंगा लाइनरला गंजाने चिकटलेल्या असतात, आणि ते सुटतं. मात्र ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढत चालू करायचा प्रयोग अजिबात करू नका. अडकलेल्या पिस्टनवर चाकांकडून जोर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा लाइनर फुटतो, आणि अशा भागांना आपल्याकडे दुकान नाही.

आधी चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा ऑइल नट अगदी हळू ढिला करा, पूर्ण काढू नका. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत पाणी असेल तर पहिल्यांदा तेच झिरपेल. चमचा-दोन चमचे निघालं तर ते बहुधा दमटपणाचं. अर्धा लिटर निघालं तर हेड गॅस्केट, लाइनरचा रबर किंवा ब्लॉकचा तडा, यातलं काहीतरी आहे. दोन्ही नोझल काढा. काढताना मोकळ्या नळ्यांची आणि पंपाची तोंडं स्वच्छ कापडाने बांधून टाका. पंपाच्या प्लंजरला बारीक धूळही चालत नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल आणि निम्मं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल असं मिश्रण ५० ते १०० मिलिलिटर घाला, आठ-दहा दिवस राहू द्या, दोन दिवसाआड थोडं आणखी टाका. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटावर लांब पान्याने दोन्ही दिशांना, किंचित, आलटून पालटून जोर द्या. एक सूत हललं की जिंकलात. तिथून परत उलटं, मग परत सुलटं. पाइप लावून पाना लांबवायचा मोह टाळा. तरीही हललं नाही तर पुढचं काम हेड काढून करायचं, आणि ते ज्याने जुनी डिझेल इंजिनं उघडली आहेत त्याच्याकडूनच.

इंजिन फिरलं तरी लगेच चालू करू नका. डिझेल पंपाची रॅक (डिझेल कमीजास्त करणारी दांडी) गंजून फुल डिझेलवर अडकलेली असू शकते. अशा वेळी इंजिन चालू होताच बेफाम पळतं आणि चावी बंद करून थांबत नाही. पंप आणि नोझल काढून डिझेल पंपाच्या कारागिराकडे न्या, टेस्ट बेंचवर लावून घ्या. कॅलिब्रेशनची पावती जपून ठेवा; विकताना ती दाखवली की गिऱ्हाईक वाद घालत नाही. टाकीतला गंज काढा, फिल्टर बदला, एअर क्लीनरच्या वाटीतलं जुनं तेल उपसून नवं भरा. पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप सोडून ठेवा आणि एक माणूस जाड लाकडी फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा करा. इंजिन पळायला लागलं तर हवा बंद करणं हाच उपाय आहे. तळहाताने किंवा कापडाने नाही. कापड आत ओढलं जातं आणि हात जायबंदी होतो.

रंगाचं काय? काही करू नका. व्यापारी सल्ला देतील की रंग मारून घ्या, चांगला भाव येईल. होतं उलटं. ताज्या रंगाखाली वेल्डिंग, तडे आणि पुट्टी लपते हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो भाव पाडूनच बोलतो. बॅटरीच्या ट्रेखाली, डॅशबोर्डच्या मागे आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला कारखान्याचा रंग बहुधा टिकलेला असतो. तिथला फोटो नुसता दाखवा. माती-शेण-ग्रीस मात्र पाण्याने आणि रॉकेलने धुवून काढा, प्रेशर वॉशर पाट्यांपासून आणि पंपापासून दूर ठेवा.

आता पैसे. जुन्या ट्रॅक्टरला एक भाव नसतो, तीन असतात. तळाचा भाव भंगाराचा. ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेणं जमत नसेल तर आर.सी. वरचं वजन घ्या. या वर्गातले ट्रॅक्टर साधारण पावणेदोन ते दोन टनांचे. त्यातून टायर, पाणी, तेल वजा करा. समजा १,६०० किलो लोखंड-बीड उरलं आणि त्या दिवशीचा भाव ३० रुपये किलो मिळाला, तर ४८ हजार. म्हणजे व्यापाऱ्याने ५५ हजार सांगितले ते भंगारापेक्षा जेमतेम सात हजार जास्त. तुमच्याकडचा खरा भाव तीन भंगारवाल्यांना एकाच दिवशी विचारा.

दुसरा भाव सुट्या भागांचा. असाच ट्रॅक्टर असणाऱ्या कुणाला फक्त तुमचा डिझेल पंप, रेडिएटर, बॉनेट, समोरची जाळी, मीटर किंवा मूळ रिम हवी असते आणि त्यासाठी तो चांगली रक्कम मोजतो. पण ट्रॅक्टर खोलून विकायला लागलात की चार मागणीचे भाग जातात आणि उरलेला सांगाडा भंगारातच द्यावा लागतो. संपूर्ण ट्रॅक्टर मोडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे असे थोडेच उरलेत, आणि मोडलेला पुन्हा जोडला जात नाही.

तिसरा भाव संग्राहकाचा आणि तुम्हाला कामाचा तोच. तो असा निघतो: तयार, चालू, कागदपत्रांसह ट्रॅक्टर जितक्याला प्रत्यक्षात विकला जातो, त्यातून तयार करायचा खर्च आणि घेणाऱ्याची जोखीम वजा करायची. फक्त गणित दिसावं म्हणून आकडे धरू. समजा तयार ट्रॅक्टर अडीच लाखांना जातो. चारही टायर-ट्यूब ६० हजार, पंप आणि नोझल १५ हजार, हेड-लाइनर-पिस्टन-टर्नरचं काम ५५ हजार, रेडिएटर-वायरिंग-बॅटरी २० हजार, वाहतूक १० हजार. एकूण १ लाख ६० हजार. जुन्या यंत्रात न दिसलेलं काहीतरी निघतंच, म्हणून खर्चाच्या वीस टक्के, ३२ हजार, जोखीम. उरले ५८ हजार. म्हणजे इंजिन जाम असताना व्यापाऱ्याचा आकडा फार अन्यायाचा नव्हता. आता इंजिन सुटलं आणि ५५ हजारांचं काम १५ हजारांच्या गॅस्केट-रिंगांवर आलं असं धरा. खर्च १ लाख २० हजार, जोखीम २४ हजार, उरले १ लाख ६ हजार. दीड-दोन लिटर तेल-डिझेल आणि पंधरा दिवसांच्या धीराने ४८ हजारांचा फरक. तुमचे खरे आकडे तुमच्या भागातल्या टायरवाल्याकडून आणि टर्नरकडून लिहून घ्या आणि हेच गणित परत मांडा.

'प्रत्यक्षात विकला जातो' यावर मात्र नीट लक्ष द्या. मोबाइलवर दिसतो तो मागितलेला भाव. भाच्याने दाखवलेल्या परदेशी किमती खोट्या नसतात, पण त्या तिथल्या. चेक देशात या ट्रॅक्टरचे पिस्टन, गॅस्केट, स्टिकर आजही नव्याने मिळतात, दुरुस्ती करणारे आहेत, हौशी मंडळी आहेत. तोच भाग इथे मागवायचा तर वाहतूक आणि कस्टम ड्यूटी वर पडते. म्हणून परदेशी भाव रुपयांत बदलून इथे मागणं चुकीचं. इथे किंमत वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या: मूळ जागी असलेली पाटी, मूळ इंजिन, न कापलेलं बॉनेट, मूळ डायनामो आणि सेल्फ, पट्टा चालवायची पुली, टूलबॉक्स, आणि एकाच घराण्याच्या नावावरचं आर.सी. बुक. आजोबांसोबतचा ट्रॅक्टरचा जुना फोटो, खरेदीची चिठ्ठी, डिझेलच्या किंवा दुरुस्तीच्या जुन्या पावत्या असतील तर एकाच पाकिटात ठेवा. कमी करणाऱ्या गोष्टी: दुसरं इंजिन, नंतर वेल्डिंग करून बसवलेली लिफ्ट, तडा गेलेला ब्लॉक, नंबर घासलेला असणं. नंबर घासलेला ट्रॅक्टर तर शहाणा माणूस घेतच नाही.

कागदांचं काम समांतर सुरू करा, त्याला इंजिनपेक्षा जास्त वेळ लागतो. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५ आणि वाहनाची तपासणी. आजोबा हयात नसतील तर आधी वारसाचं नाव लावून घ्यावं लागेल: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. त्यानंतरच विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. आर.सी. बुकात बँकेचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ लागेल. ट्रॅक्टरच्या कर्जाची नोंद सातबाराच्या इतर हक्कातही राहून गेलेली असते, तीही बघून घ्या. हल्लीची एमएच-१५ पद्धत येण्याआधीचा जुना क्रमांक असेल तर ती नोंद संगणकावर चढलेली आहे की नाही, हे आरटीओत विचारा. नसेल तर मूळ पुस्तक दाखवून ती चढवून घेण्याचा अर्ज द्या. मूळ पुस्तक कुणालाही हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या. आणि 'व्हिंटेज नंबर मिळवून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमातली व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी वाहनांसाठी आहे, ट्रॅक्टर त्यात येत नाही.

विकायचं ठरलंच तर जाहिरातीत पाटीचा फोटो टाका, पण अनुक्रमांकाचे आणि चेसिस नंबरचे शेवटचे तीन आकडे झाका. पूर्ण आकडे प्रत्यक्ष बघायला आलेल्यालाच दाखवा. फोटो आठ पुरेत: चारही बाजू, पाटी, इंजिनच्या दोन्ही बाजू आणि डॅशबोर्ड. इंजिन जाम असेल तर तसं लिहा. ट्रकवर चढवताना साखळी पुढच्या धुरीच्या मधोमध बांधायला लावा, स्टेअरिंगच्या रॉडला नाही. गिअर न्यूट्रलमध्ये, उतारावर मागच्या दोन्ही चाकांमागे एकेक माणूस लाकडी ओट (चाकाला लावायची पाचर) घेऊन. ट्रकवर चढला की चारही चाकांना ओट ठोका आणि बॉनेट दोरीने बांधा, म्हणजे वाटेत ते उघडून वाकणार नाही.